सगुणाबाईचा खण

कासारखिंडीची शाळा आधी घोड्यांची होती. दगडी जोत्यावर सागाच्या खांबांची सरळ रांग, दोन खांबांमधल्या प्रत्येक खणात एक घोडा आणि मागच्या भिंतीत त्याला बांधायची लोखंडी कडी. संस्थानची पागा उठली, मुले आली. कड्या तशाच राहिल्या. पूर्वेकडचा शेवटचा खण मात्र वेगळा आहे. त्याचे खांब जांभळीचे, बुटके, चुलीच्या धुराने काळे पडलेले. कौलेही तिथे हातभर खाली उतरतात. आणि इथली कडी भिंतीत नाही, वर तुळईत आहे.

"इथला घोडा काय वर टांगायचे?" पाहुणे हटकून विचारतात.

"घोडा नव्हं, पाळणा," रघुजी गुरव म्हणतात. गावदेवीची पूजा त्यांच्या घराण्याकडे आहे आणि या खणाची गोष्टही. ती ते जोत्यावर बसून, घाई न करता सांगतात.

पागेची शाळा झाली तेव्हा मुलींना तिथे जागा नव्हती. सगुणाबाई तांबट म्हणून एक बाई गावात होती. नवरा लवकर गेलेला, पदरी एकच मुलगी, चिमा. ही चिमा रोज शाळेच्या भिंतीबाहेर बसून आतले पाढे ऐकायची आणि घरी येऊन आईला म्हणून दाखवायची, असे सांगतात. पुढे प्लेगचे वर्ष आले. शाळा बंद झाली आणि आजारी माणसे तिथे ठेवू लागले. चिमा शाळेत आत गेली ती तेव्हा. परत आली नाही.

साथ सरली. शाळा पुन्हा सुरू करायची म्हणून गाव देवीच्या सभामंडपात जमले. ज्याला जे जमेल ते त्याने शाळेला द्यायचे ठरले. कोणी घंटा बोलला, कोणी सतरंज्या. मागून सगुणाबाई उठली.

"माझा एक खण शाळेला. पण मग पोरींना आत बसू द्यायचं."

मंडप हसला. पुढे बसलेले इनामदार म्हणाले, "अगं, शाळेची ओटी भरतेस की काय?"

"आणि ती बी हिच्या हातानं?" कोणीतरी कुजबुजले. विधवेने ओटी भरायची नसते, हे तिला कोणी सांगायला नको होते. ओटीचे नावही तिने काढले नव्हते.

"असू दे रे," इनामदार रंगात आले. "आण बाई, तुझा खण आण. देवीसमोर सांगतो, त्या खणावर मावतील तेवढ्या पोरी बसव."

"चोळीच्या कापडावर पोरगी कुठली, बाहुली बसंल!" पुन्हा हशा.

सगुणाबाई हसली नाही. "खणावर नाही आबासाहेब. खणात."

बाईची जीभ घसरली असे सगळ्यांना वाटले. "बरं, खणात," इनामदार म्हणाले आणि देवीचा भंडारा उचलून त्यांनी कपाळाला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाबाई आपल्या घरावर चढून कौले उतरवताना दिसली. तिचे घर तीन खणांचे. मधल्या खणात चिमाचा पाळणा बांधलेला असायचा. तोच खण तिने सोडवायला घेतला. सुताराने विनवले, "वयनी, कडेचा काढू. मधला काढला तर घराचे दोन तुकडे होतील."

"होऊ देत," ती म्हणाली.

खांब, तुळई, वासे बैलगाडीतून शाळेकडे निघाले तेव्हा गाव रस्त्यावर आले, म्हणे. इनामदारांनी गाडी अडवली.

"हे काय गं?"

"खण. तुम्हीच आणायला सांगितलात."

"मी कापडाचं बोललो होतो."

"मी घराचं बोलले होते. देवीनं कुठलं ऐकलं, ते तिला विचारा."

इनामदारांनी गाडीवरचा हात काढला. मग बाजूला झाले. शाळेच्या जोत्याला जोते जोडून खण उभा राहिला. सुतार तुळईतली कडी उपसू लागला, तेव्हा सगुणाबाईने त्याला थांबवले. त्याच कडीखाली पहिल्या मुली बसल्या. तिने स्वतः मात्र दोन तुकड्यांच्या घरातच दिवस काढले. पावसात स्वयंपाक एकीकडे आणि अंथरूण दुसरीकडे, मधून भिजत जायचे. मधला खण बांधून देतो म्हणून गावाने विचारले, तर म्हणाली, "तो शाळेत आहे की."

पुढे दुष्काळात शाळेचे धान्याचे कोठार झाले. पोती रचणारे त्या खणापाशी आले, तर बायका आत बसून होत्या. "हा खण दिलेला आहे," एवढेच त्या बोलल्या. पोती मागे फिरली आणि त्या वर्षी गावात फक्त मुलींची शाळा भरली.

आता सगळ्या खणांत मुले-मुली एकत्र बसतात. पण आजही कासारखिंडीत ओटीचे कापड घेताना कोणी खण म्हणत नाही. बाहेरगावची एखादी बाई दुकानात येऊन खण मागते, तेव्हा दुकानदार कापडांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवतो आणि शांतपणे सांगतो, "ताई, हे चोळीचं कापड. खण तिकडं शाळेत आहे."