करवंद नावाचा खेकडा

त्या पाणथळ राज्यात सगळा कारभार नुसत्या हाकांवर चाले. उंचवटे दूरदूर आणि मध्ये माणूसभर लव्हाळं, त्यामुळे कुणी कुणाला दिसत नसे. एकाने हाक दिली की शेजाऱ्याने ती उचलून पुढे द्यायची. कोण कुठे राहतो हे सगळ्यांना ठाऊक नसे. जागा बदलणाऱ्याने तेवढं आपल्या शेजाऱ्यांना सांगितलं की झालं.

नावं द्यायचं काम म्हातारा पिंगळा करी, आणि भलता चिकित्सक होता तो. सगळी नावं रानमेव्याची. टिटवीचं भोकर, पाणमांजराचं आवळा, खेकड्याचं करवंद. लांबलचक नको, वाऱ्यात विरणारं नको, दुसऱ्यासारखं ऐकू येणारं नको. कामावरून आणि जागेवरून तर मुळीच नको. खेकडा तेव्हा बंधाऱ्याची भोकं उघडी करून चढलेलं पाणी सोडी, म्हणून तो रुसला होता.

"बंधारपाल म्हणा की मला. करवंद काय?"

"बंधारा आज आहे रे बाबा," पिंगळा म्हणाला. "तुला हाक मात्र जन्मभर मारायचीय."

टिटवीला तेव्हा हे म्हाताऱ्याचं खूळ वाटलं होतं.

पुढे तिने वाळूच्या पट्ट्यावर चार अंडी घातली, उघड्यावरच, तिच्या जातीच्या रीतीने. आणि नेमकं डोंगरावर पाणी कोसळलं. खालचं पाणी चढू लागलं. ते उतरवणं एकट्या खेकड्याच्या नांग्यांत होतं. टिटवीच्या तोंडचं पाणी पळालं.

पट्ट्याला लागूनच असलेल्या उंचवट्यावर दरबारी मोर बसलेला. "हुद्द्याने बोलाव गं," तो म्हणाला. "बंधारपाल म्हण, धावत येईल. करवंद म्हटल्यावर कोण कामाला लागतो?"

बिचारीने तशी हाक दिली. उत्तरही लगेच आलं, पण बेडकाचं. प्रवाहाने वाट बदलली, बंधारा गाळाने बुजला, तेव्हाच खेकडा तिथून नव्या प्रवाहामागे निघून गेला होता. रिकामी जागा पाहून बेडूक बसला होता.

"बंधारपाल मीच, ताई," हाकेवर हाक देत त्याचा निरोप आला. "पण भोक पाडायला मला नांग्या कुठे आहेत?"

पाणी अंड्यांपासून चार बोटांवर आलं. टिटवीने मोराकडे पाठ फिरवली आणि छाती फुटेस्तोवर हाक घातली, "करवंद, वाट फोड."

पाणमांजराने हाक उचलली, मग बगळ्याने, मग आणखी कुणी. ती बंधाऱ्याकडे गेलीच नाही. उलट्या अंगाला वळली आणि लांब काळ्या कातळाकडे निघाली. तिथे कुणी राहतं हेसुद्धा टिटवीला माहीत नव्हतं. पिंगळा जवळ असता तर तिने त्याचे पाय धरले असते.

तिने अंड्यांवर पंख पसरले. पाणी तिच्या नखांना लागलं.

मग कातळाकडून, अगदी बारीक, पण ओळखीची, "ओ" आली, आणि तिच्या नखांखालची ओली वाळू हळूहळू उघडी पडू लागली.