निवाड्यात नसलेली दाढदुखी

एकदा एका नगरातल्या वृद्ध वैद्यांच्या दारी एक बाई रडत आली. तिचा नवरा रंगोबा तुरुंगात होता. त्याची दाढ सुजली होती आणि घास गिळवत नव्हता. वैद्य आपल्या शिष्याला घेऊन लगोलग निघाले.

त्या दिवशी द्वारपाल म्हणाला, "साहेब जेवायला गेलेत." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "बंद्याचा अर्ज नाही." तिसऱ्या दिवशी अर्ज होता, पण अंगठा डाव्याऐवजी उजव्या हाताचा उमटला होता! शिष्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चौथ्या दिवशी तुरुंगाधिकारी स्वतः भेटले. "वैद्यराज, याने देवळातली घंटा चोरली. दाढ थोडी ठणकली तर बिघडलं कुठे? पण तुम्ही वयोवृद्ध. जा आत, उपकार समजा."

शिष्याने झटकन औषधांची झोळी उचलली. वैद्य मात्र जागचे हलले नाहीत. "आधी याचा निवाडा दाखवा," ते म्हणाले.

कागद आला. ओळींवरून बोट फिरवत वैद्यांनी तो वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. आतून कण्हणं ऐकू येत होतं.

"गुरुजी, तो तळमळतोय आणि आपण वाचत काय बसलात!" शिष्य ओरडलाच.

वैद्यांनी कागद अधिकाऱ्यापुढे धरला. "यात दोन वर्षांचा कारावास आहे. दाढदुखी कुठे लिहिली आहे, तेवढं दाखवा. मला सापडत नाही."

अधिकाऱ्याने कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

"हा मोकळा असता तर आपल्या पायांनी माझ्याकडे आला असता. ते पाय तुम्ही बांधलेत. म्हणून त्याला उपचार मिळवून देणं तुमचं कर्तव्य आहे आणि तो त्याचा हक्क आहे. आज मी उपकार म्हणून आत गेलो, तर उद्या तुमची मर्जी फिरताच हे दार बंद होईल."

अधिकाऱ्याने द्वारपालाकडे पाहिलं. "यापुढे आजाऱ्यासाठी वैद्य आले, तर अडवायचं नाही."

शिष्याने रंगोबाचं डोकं धरलं आणि वैद्यांनी दाढ काढली. पू शेजारच्या दाढेपर्यंत पोचला होता. तीही काढावी लागली.

"पहिल्याच दिवशी आत सोडलं असतं तर एकीवर भागलं असतं," शिष्य चरफडत म्हणाला.

"खरं आहे," वैद्य एवढंच बोलले.

तेवढ्यात कोपऱ्यातला एक म्हातारा बंदी बिचकत पुढे आला. त्याचा एक डोळा लालभडक झाला होता. शिष्याने त्याला उजेडात बसवलं. त्याचा गुन्हा काय, हे त्याने विचारलं नाही. डोळा कधीपासून दुखतोय, एवढंच विचारलं.