सामाईक मळ्याचे कुंपण

डोंगरामागच्या एका उजाड रानात एक सशीण आपल्या तीन पिल्लांसह राहत असे. स्वभावाने अतिशय काळजीखोर! पान हलले तरी हिच्या छातीत धस्स होई. पण मुलांनो, खरे सांगायचे तर काळजीला कारणही होते. हिरवा पाला मिळे तो फक्त ओढ्याकाठी, आणि ओढा गाठायचा तर मधला उघडा माळ ओलांडावा लागे. तिथे लपायला साधे झुडूप नाही, आणि वर गरुड घिरट्या घालतोय. सशीण रोज जीव मुठीत धरून जाई. ती परत येईपर्यंत पिल्ले बिळाच्या तोंडाशी टक लावून बसत.

शेवटी म्हाताऱ्या कासवाने रानातल्या सगळ्या प्राण्यांना गोळा केले. एवढ्या लांब मरायला कशाला जायचे, इथेच झऱ्यापाशी मळा लावू, असे त्याने सुचवले. जो तो कामाला लागला. साळिंदराने जमीन उकरली, खारीने बी आणले, सशिणीने पाट काढले. प्रत्येकाला एकेक वाफा मिळाला. कुंपण मात्र साऱ्या मळ्याला मिळून एकच, बोरीच्या काट्यांचे. ते पाळीपाळीने सारखे करायचे ठरले. महिनाभरात मेथी, पालक, मुळा असे सगळे तरारून आले.

पण सशिणीला चैन कुठले! एके दिवशी तिला आपल्या मुळ्याच्या पाल्यावर भोके दिसली. ती अळीने पाडली होती. हिने मात्र थेट शेजारच्या साळिंदरावर संशय घेतला. आज पान खाल्ले, उद्या मुळाच उपटून नेईल, मग पुन्हा तो माळ आणि पुन्हा तो गरुड! कुंपणाची पाळी त्या दिवशी तिचीच होती. तिने पलीकडच्या बाजूच्या चार काट्या उपसल्या आणि आपल्या वाफ्याभोवती रोवल्या. एवढ्याने काय बिघडणार आहे, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

भल्या पहाटे रानडुकरे त्या खिंडारातून आत शिरली. आत शिरल्यावर कुणाचा वाफा कोणता, हे त्यांना काय ठाऊक? त्यांनी सगळा मळा उकरून टाकला. सशिणीच्या चार काट्या तर एकाच धडकेत आडव्या झाल्या.

"पलीकडच्या काट्या कुणी काढल्या?" कासवाने विचारले.

"मी काढल्या, आजोबा," सशीण मान खाली घालून म्हणाली. "माझ्या पिल्लांना कमी पडू नये म्हणून."

साळिंदर रागाने पुढे आले, पण तिच्याकडे पाहून आडव्या पडलेल्या काट्या उचलू लागले. सगळ्यांनी कुंपण नीट केले, नवे बी पेरले. पण ते उगवून येईपर्यंत खायचे काय? आता ओढ्याकडे जाणे सगळ्यांनाच भाग होते.

खार आणि साळिंदर पुढे गेली. कासवाला मात्र तो माळ ओलांडायला अख्खा दिवस लागणार होता. सशिणीला चार उड्यांत पलीकडे जाता आले असते. पण ती गेली नाही. गरुडाची सावली जमिनीवर फिरत होती, तिचे काळीज धडधडत होते, आणि ती कासवाच्या शेजारून एकेक पाऊल टाकत चालली होती.

तात्पर्य : सगळ्यांचे कुंपण मोडून एकट्याचा वाफा राखता येत नाही.