सात नंबरच्या बसचं पाणी

"...त्या बाईनं शाप दिला, आणि भरलेली बस पुलाच्या ऐन मध्यावर..."

एवढंच माझ्या कानावर पडलं. पिठाच्या गिरणीत समोरच्या इमारतीतल्या दोन नव्या भाडेकरणी बोलत होत्या. तेवढ्यात गिरणीवाल्यानं पट्टा चढवला आणि पुढचं सगळं ज्वारीबरोबर दळून गेलं. डबा नीट लावायच्या निमित्तानं मी दोन पावलं पुढे सरकले, पण तोवर त्या भरताच्या वांग्यांवर येऊन पोचल्या होत्या. आता ज्या बाईविषयी हे चाललं होतं, ती माझ्या भिंतीपलीकडे राहते. तिच्या घरची फोडणी आधी मला ठसका आणते, मग तिला. आणि तिनं शाप दिल्याचं मलाच ठाऊक नाही, म्हणजे काय?

पण आधी बस सांगते, मग बाई.

आमच्या रंगारवस्तीत पाहुणा आला की मी त्याला सकाळी आठच्या आत थांब्यावर नेऊन उभा करते. दाखवण्यासारखं देऊळ आमच्याकडे नाही, तळं होतं ते बुजवलं. बस मात्र आहे. सात नंबर. पूर्वेच्या जकात नाक्यावरून निघते, सगळं शहर आडवं कापते आणि पश्चिमेच्या सूतगिरणीला जाऊन टेकते. हमरस्त्यानं सरळ गेली तर केवढा वेळ वाचेल, पण ती वाट वाकडी करून आमच्या गल्लीत शिरते आणि लिंबाखाली तीन मिनिटं उभी राहते. वस्तीतलं कुणीतरी तांब्या घेऊन पुढे होतं, पुढच्या चाकावर पाणी घालतं, काचेखाली हळदकुंकवाचं बोट लावतं. कंडक्टर विचारतो, "आक्कांचं पाणी झालं का?" आतले सगळे म्हणतात, "झालं, सोडा." मग गाडी हलते. आता विजेवर चालणारी बस आली, दोरीची घंटा गेली, पण हे काही गेलं नाही.

हे का, तर त्याची गोष्ट वस्तीत अशी सांगतात.

चाळीस वर्षांपूर्वी सात नंबरला नाकवाली बस होती. म्हणजे तोंड पुढे काढलेली, उंदरासारखी. तिच्यावर ड्रायव्हर दस्तगीर मुजावर. तेव्हा इंदराक्का कोरे सूतगिरणीच्या पाळणाघरात आया होत्या. कामावरच्या बायकांची तान्ही पोरं त्यांच्या आणि आमच्या गल्लीतल्या आणखी सहाजणींच्या हवाली. साडेआठला पाळणाघराचं दार बंद. तीनदा उशीर झाला की चौथ्यांदा यायचं नाही. चालत जायचं तर शहराच्या या टोकाहून त्या टोकाला कोण चालणार? म्हणून ती आठची बस म्हणजे त्या सातजणींची चूल होती.

आक्का म्हणे रोज बस आली की घरातून भरलेली घागर घेऊन निघायच्या, बसच्या नाकात पाणी घालायच्या, कुंकू लावायच्या, हात जोडायच्या आणि मगच चढायच्या. दस्तगीरभाई तोवर खाली उतरून अदबीनं उभे. आठच्या बसला सगळ्या बायका आणि पेन्शनर. सगळे आतून नमस्कार करायचे. बसला आक्कांच्या हातचं तीर्थ लागतं, असं जो तो म्हणायचा. एका आजोबांनी तर आपल्या नातवाचं नावसुद्धा या बसला नवस बोलून ठेवलं होतं म्हणे, पण काय ठेवलं ते कुणी सांगत नाही.

असं चाललेलं असताना बसच्या कचेरीतून कागद आला. सात नंबर रोज उशिरा पोचते, कारण ती रंगारवस्तीत शिरते आणि तिथे विनाकारण थांबते. सबब महिन्याअखेर वस्तीचा फेरा रद्द करून गाडी हमरस्त्यानं सरळ न्यावी. सातजणींच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटची पाहणी करायला भणगे नावाचे साहेब स्वतः बसमध्ये बसून येणार असं ठरलं, आणि नेमकी त्याच दिवशी दस्तगीरभाईंच्या बहिणीच्या घरी शादी निघाली. बदलीला माळवदकर नावाचे ड्रायव्हर आले. माणूस सरळ, पण घड्याळ्या. साहेब मागच्या बाकावर बसलेले, म्हणून तर माळवदकर दर मिनिटाला मनगट बघणारे.

बस लिंबाखाली आली. आक्का घागर घेऊन पुढे झाल्या.

"बाई, देवधर्म घरी करायचा," माळवदकर म्हणाले. "गाडी सार्वजनिक आहे."

"अरे बाबा, पाणी तरी घालू दे तिला."

"तिला नको, तुळशीला घाला."

आणि गाडी सुटली. बाकीच्या सहाजणी चढल्या होत्या, आक्का घागरीसह खाली. तेव्हा म्हणे त्यांनी एक हात वर केला आणि काहीतरी बोलल्या. काय, ते बसच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही.

रेल्वेच्या पुलाचा चढ लागला. ऐन मध्यावर बसनं एक सुस्कारा टाकला, मग दुसरा. मग नाकपुडीतून अशी वाफ सोडली की समोरचा रस्ता दिसेनासा झाला. बस जागच्या जागी बसली. मागे टांगे, सायकली, उसाच्या दोन गाड्या. आतल्या बायका माळवदकरांना म्हणाल्या, "कोपली. सांगत होतो ना?" माळवदकर खाली उतरले, नाकाजवळ वाकले, काहीतरी पाहिलं आणि एकदम गप्प झाले. साहेबांनी विचारलं, काय झालं, तर म्हणाले, "सांगता येत नाही, साहेब."

अर्ध्या तासानं पुलाखालून हातगाडी येताना दिसली. केळीवाल्या बागवानाची. वर मांडी घालून आक्का, मांडीत घागर. बागवान ढकलतोय आणि आक्का त्याला सांगताहेत, "हळू रे, हिंदकळतंय." त्या उतरल्या, बसभोवती एक चक्कर मारली, पण पाणी काही घालेनात.

"घाला की," साहेब म्हणाले.

"आत्ता नाही. तापलेल्याच्या डोक्यावर लगेच पाणी ओतलं तर तडकतं. निवू दे."

साहेब कठड्यावर बसून राहिले. तेवढ्या वेळात दोन पेन्शनरांनी त्यांना बसची सगळी थोरवी ऐकवली. कुणाचं दुखणं तिनं बरं केलं, कुणाची सोयरीक तिच्यात जमली. साहेबांचा चेहरा उतरत गेला. शेवटी आक्कांनी पाणी घातलं, कुंकू लावलं, आणि माळवदकरांनी चावी फिरवताच बस गुरगुरून उठली. साहेबांनी चपला काढून नमस्कार केला म्हणे. आठवड्यानं कागद आला: स्थानिक श्रद्धेस अनुसरून सात नंबर गाडी रंगारवस्तीत तीन मिनिटे थांबवावी, फेरा कायम.

इतकं मी पाहुण्यांना वर्षानुवर्षं सांगत आले. पण शाप? हा नवाच. मी वाटीत शेंगदाण्याची चटणी घेतली आणि भिंतीपलीकडे गेले. आक्का आता त्र्याऐंशीच्या, नजर मंद, कान मात्र माझ्यासारखे.

"आक्का, तुम्ही बसला शाप दिला होता का?"

"कुणाच्या गिरणीत ऐकून आलीस?" आक्का म्हणाल्या.

मी चटणी पुढे ठेवली. त्यांनी बोटानं चाखली, मीठ कमी असल्याचं सांगितलं आणि मग बोलत्या झाल्या.

"कुमुद, ती बस गळकी होती. नाकाच्या आत पाण्याची टाकी असते, इंजिन थंड ठेवायला, ती. नाक्यापासून इथवर येईतो निम्मं पाणी रस्त्यावर. दस्तगीरनं चारदा लिहून दिलं, नवी टाकी काही मिळेना. गाडी बंद ठेवली तर मग आम्ही कामावर कशा जाणार? वस्तीचा नळ सातला जायचा. म्हणून मी त्याच्यासाठी एक घागर भरून ठेवायचे."

"आणि हळदकुंकू?"

"ते दस्तगीरचं डोकं. म्हणाला, बहेन, बाहेरच्या बाईनं गाडीला हात लावला म्हणून कुणी तक्रार करेल. कुंकू लाव, मग कुणी विचारणार नाही."

आणि खरंच कुणी विचारलं नव्हतं. सूतगिरणीतल्या पुरुषांनी टाकी ओळखली असती, पण त्यांची पाळी सातची, आठच्या बसला ते नसायचेच.

"पण पुलावर माळवदकरांना तर कळलं असेल ना?"

"कळलं की. म्हणून तर गप्प बसला. सकाळी गाडी ताब्यात घेतानाच पाणी बघायचं काम त्याचं. साहेबासमोर कसा बोलणार? दस्तगीर बोलला असता तर गळकी गाडी चालवल्याबद्दल तो अडकला असता. आणि मी..." आक्कांनी चटणीचं बोट पुसलं. "मी खरं सांगितलं असतं, तर साहेब म्हणाला असता, टाकी दुरुस्त करा आणि गाडी सरळ न्या. मग आमच्या सातजणींचं काय? तो भला माणूस चपला काढून उभा राहिला, तेव्हा मला फार लाज वाटली. पण गप्प राहिले."

पुढे दस्तगीरभाई दुसऱ्या गाडीवर गेले आणि माळवदकरांनी सात नंबर मागून घेतली. अकरा वर्षं रोज स्वतः खाली उतरून घागर घ्यायचे. नवी टाकी तिसऱ्याच वर्षी बसवली होती. पाणी काठोकाठ असायचं, तरी घालायचे.

तर पुलावर बस थांबली हे खरं, कोपली हे खोटं. उरला शाप.

"शाप देणारी मी कोण?" आक्का म्हणाल्या. "शिवी दिली. तीसुद्धा बसला नाही, त्याला."

"कुठली?"

खोलीत आम्ही दोघीच, तरी त्यांनी दाराकडे पाहिलं, मला जवळ ओढलं आणि कानात सांगितली. मी चोपन्न वर्षांची, दोन सुनांची सासू. गिरणीत, नळावर, मंडईत उभं आयुष्य गेलं, पण ती मी आयुष्यात ऐकली नव्हती.

आजही सात नंबर आमच्या गल्लीत वळते, पाणी होतं, कुंकू होतं. विजेच्या गाडीला यातलं काही लागत नाही हे मला आता ठाऊक आहे. कचेरीत कुणाला कळवायचं नाही, एवढं आक्कांनी माझ्याकडून वदवून घेतलंय, कारण लिंबाखाली आता नऊजणी उभ्या असतात. त्या भाडेकरणींना मात्र मी काल गिरणीत गाठून सांगितलं, शाप वगैरे काही नव्हता. त्यांनी विचारलं, मग बस थांबली कशी? म्हटलं, बायांनो, बाकीचं काही असो, पण मी ते शब्द ऐकलेत. ते ऐकून ती बस पुलापर्यंत तरी कशी गेली, याचंच मला नवल वाटतं.