बिब्ब्याची पारख

फार पूर्वी शाल्मली नगरात वीरबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव सोमिल. बाप लवकर गेला, म्हणून त्याचे लहानपण आजोळी, रानाच्या कडेला गेले. तिथे बिब्ब्याची झाडे दाट होती. बिब्बा तुम्हाला माहीत असेलच. परीट ज्याने कपड्यांवर खूण करतात ते काळे, चकचकीत फळ. त्याचे तेल अंगाला लागले तर फोड उठतात, आणि तेच नीट शुद्ध करून, बेताने दिले तर आखडलेले सांधे मोकळे होतात. रानातली पोरे त्या फळांशी खेळतच वाढत. सोमिलच्या अंगाला तर त्याची इतकी सवय झाली, की पुढे तो सुपारी चघळावी तसा बिब्बा चघळी आणि त्याला काही म्हणजे काही होत नसे.

शाल्मलीत एक जुनी चाल होती. कधीकाळी कुण्या वैद्याने कुण्या राजाला औषधातून विष दिले होते म्हणे. तेव्हापासून रोग्याला औषध द्यायच्या आधी वैद्याने तेवढेच औषध त्याच्यासमोर बसून स्वतः खायचे. याला पारख म्हणत. वैद्य ठणठणीत राहिला की औषध चांगले, आणि एकदा पारख झाली की रोग्याने ते घेतलेच पाहिजे. चाल वाईट हेतूने पडली नव्हती. पण बघा, झाले काय, औषध कोणते आणि कशासाठी हे लोक विचारीनासेच झाले. सगळ्यांचे डोळे वैद्याच्या तोंडावर! सोमिल मोठा होऊन वैद्य झाला तेव्हा त्याच्याइतक्या शांत चेहऱ्याने जहाल फळे खाणारा दुसरा कुणी नगरात नव्हता. साहजिकच त्याच्या दारी रीघ लागली.

त्या वर्षी राजमाता सुयशा तापाने आजारी पडली. ताप उतरला, पण गुडघे धरले ते काही सुटेनात. अंगात त्राण उरले नाही. वीरबाहूचा आईवर फार जीव. त्याने दवंडी पिटवली, "जो वैद्य माझ्या आईला पुन्हा चालती करील, त्याला नदीकाठचं फळवन देईन." त्या वनात हिरडा, बेहडा, आवळा, बेल, बिब्बा, सगळे होते. कुठल्याही वैद्याच्या तोंडाला पाणी सुटावे असे ते वन होते.

राजवैद्य कालदत्त म्हातारा होता, विद्वान होता, आणि मनाने मुळीच वाईट नव्हता. त्याने राजमातेसाठी बिब्बे निवडले, विटेच्या भुकटीत घोळवले, धुतले, दुधात शिजवले, तुपात परतले. शोधनात, म्हणजे बिब्बा शुद्ध करण्यात, जराही कसर ठेवली नाही. अडचण एकच होती, ती पारखेची. त्याने सोमिलला बोलावून घेतले.

"सोमिला, माझं पोट आता बिब्बा झेलत नाही. घेतला की नुसती आग होते. माझ्या वतीनं तू पारख कर. चालीत ते बसतं. फळवन आपण दोघं वाटून घेऊ."

"आधी राजमातेला भेटून येतो, आचार्य," सोमिल म्हणाला.

"भेटायचं काय त्यात? औषध मी केलंय. तुला फक्त खायचंय!"

सोमिल तरीही गेला. राजमातेच्या पलंगाशी बसून त्याने विचारपूस केली. झोप येते का, पेज पचते का, भूक लागते का. मग म्हणाला, "माते, तुम्हाला लहानपणापासून काय सोसत नाही?"

राजमाता हसली. "अरे, इतके वैद्य येऊन गेले, हे कुणी विचारलं नाही. सगळे आपापलं खाऊन दाखवून गेले. काय सोसत नाही म्हणशील, तर आंबा. देठाचा चीक नुसता ओठाला लागला तरी तोंड एवढं सुजतं. आमच्या वीरालाही तेच. लहानपणी गुपचूप आंब्यावर चढला, आणि मग कितीतरी दिवस डोळे उघडेनात पोराचे."

हे ऐकून सोमिल सावध झाला. आजोळी त्याने डोळ्यांनी पाहिले होते, की ज्या पोरांना आंब्याचा चीक बाधे त्यांनाच बिब्बा उतत असे, अंगभर फोड येत. एकाच घरातली भावंडे असावीत तशी ती दोन फळे. आणि इथे तर तापाने पिचलेले म्हातारे शरीर होते.

दुसऱ्या दिवशी राजमातेच्या दालनात सगळे जमले. कालदत्ताने औषधाची वाटी पुढे केली. सोमिलने आपला वाटा घेतला, सगळ्यांसमोर खाल्ला आणि शांत बसून राहिला. त्याच्या कपाळावर एकही आठी उमटली नाही. लोकांनी माना डोलावल्या. राजाने आनंदाने वाटी उचलली, तेवढ्यात सोमिलने तिच्यावर आपला तळहात ठेवला.

"महाराज, हे राजमातेला देऊ नका."

"का? विष आहे यात?"

"नाही. औषध उत्तम आहे."

"मग तू तर आत्ताच खाल्लंस!"

"मी खाल्लं, मला काही होणार नाही. मी बिब्ब्यातच वाढलोय. माझ्या खाण्यावरून एवढंच कळतं, की सोमिलला बिब्बा पचतो. आजवर तुम्ही सगळ्यांनी माझं तोंड पाहून औषधं घेतलीत. त्या तोंडाची ग्वाही फार तोकडी होती."

दालनात कुजबुज सुरू झाली. ज्या पारखेवर सोमिलचे नाव झाले होते, तिलाच तो भर सभेत कुचकामी ठरवीत होता. कालदत्त लालबुंद झाला. "चाल मोडतोस? ऐन वेळी माझ्या कामात बिब्बा घालायला आलास होय रे?"

सोमिल हात जोडून म्हणाला, "आचार्य, तुमच्या शोधनाला मी नाव ठेवत नाही. पण तुम्हाला बिब्बा सोसत नाही, म्हणून तुम्ही माझं पोट उसनं मागितलंत. मग तुम्हीच सांगा, राजमातेचं पोट कुणाच्या पोटाच्या जवळचं आहे? माझ्या, की तुमच्या?"

कालदत्त मान खाली घालून मागे सरला.

राजा मात्र चिडला. आई बरी होण्याची वेळ आली, आणि हा तळहात आडवा घालतो! सोमिलने आंब्याच्या चिकाची हकीकत सांगितली. "महाराज, चीक तुम्हालाही बाधतो. तुमची कातडी तुमच्या आईकडूनच आली आहे. या औषधाचा एक ठिपका तुमच्या दंडावर लावू द्या. एक माझ्या दंडावर लावा. परवा सकाळपर्यंत थांबा."

"माझ्यासाठी वीराच्या अंगाला काही लावू नका," राजमाता कळवळून म्हणाली. "द्या ती वाटी इकडे. व्हायचं ते मला होऊ दे."

पण राजाने दंड पुढे केला. "लाव. मात्र काही झालं नाही, तर आईचे दिवस वाया घालवल्याबद्दल तू हे नगर सोडायचंस."

सोमिलने होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी राजाचा दंड जसाच्या तसा होता. सोमिलच्या दारी रीघ नव्हती. कालचे रोगी रस्त्यातून जाताना त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत होते, "इतकी वर्षं मग आम्ही काय बघत होतो?" संध्याकाळपर्यंतही काही उठले नाही. सोमिलने निमूटपणे गाठोडे बांधून ठेवले. त्याला नगर सोडण्याचे वाईट वाटत होते, खोटे कशाला सांगा. पण त्याहून अधिक भीती वाटत होती ती आपल्यामागे ती वाटी राजमातेच्या ओठाला लागण्याची.

ठरलेल्या सकाळी राजवाड्यातून बोलावणे आले. सोमिल दालनात शिरला तेव्हा राजा आईच्या पायाशी बसला होता. त्याचा दंड खांद्यापासून कोपरापर्यंत सुजला होता. ठिपका लावला होता तिथे पाण्याने भरलेले फोड टरारले होते. सोमिलच्या दंडावर नुसता काळसर डाग होता.

राजा आपल्या दंडाकडे बघत होता. तो म्हणाला, "आई, हे तुझ्या घशात जाणार होतं. माझ्या हातानं."

राजमातेने त्याच्या केसांतून हात फिरवला. कोपऱ्यात उभा असलेला कालदत्त पुढे आला आणि रडू लागला. राजाने रागाने त्याच्याकडे पाहिले, तेव्हा सोमिल मध्ये पडला.

"महाराज, आचार्यांना राजवैद्य राहू द्या. बिब्ब्याचं शोधन त्यांच्याइतकं कुणाला येत नाही, आणि ज्याला तो सोसतो त्याला त्यांच्या हातचा बिब्बा अमृत आहे. चूक चालीची होती, आणि त्या चालीवर सर्वांत जास्त मोठा मी झालो."

राजाने फळवन देऊ केले. सोमिलने ते नगराकडेच ठेवायला सांगितले. ज्याला जे फळ लागेल ते वैद्याने विचारपूस करून द्यावे, एवढेच मागितले. मग त्याने राजाच्या दंडावर तूप लावले. राजमातेला पातळ पेज, डाळिंबाचा रस आणि भिजवलेल्या मनुका सुरू केल्या, आणि गुडघ्यांना कोमट तिळेल चोळायला सांगितले. गुण सावकाश आला. थंडी सरता सरता राजमाता काठी टेकीत अंगणापर्यंत जाऊ लागली.

शाल्मलीत पुढेही औषध देताना वैद्य आणि रोगी समोरासमोर बसत. पण आता रोग्याने वैद्याच्या तोंडाकडे बघायचे सोडले होते, आणि वैद्य रोग्याच्या तोंडाकडे बघू लागला होता.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, सांगितली ती एका सकाळी, विहारात. भद्रिला नावाची वृद्ध उपासिका आजारी होती. विहारातली औषधे सांभाळणारे भिक्खू सुगुप्त एका फळाचा काढा घेऊन मोठ्या मायेने तिच्याकडे निघाले होते. "मला याच्यानं लगेच गुण आला," असे ते सांगत होते. शास्त्यांनी त्या वाटीवर अलगद तळहात ठेवला होता.

कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा कालदत्त म्हणजे आजचा हा सुगुप्त. राजमाता सुयशा म्हणजे ही भद्रिला उपासिका. वीरबाहू राजा म्हणजे तिच्या उशाशी बसलेला तिचा मुलगा पूर्णिल. आणि सोमिल वैद्य म्हणजे मीच होतो."

सुगुप्तांनी वाटी खाली ठेवली. ते भद्रिलेजवळ बसले आणि विचारू लागले, "माई, तुम्हाला काय सोसत नाही?"

दुसऱ्याचे दुःख स्वतःच्या अंगावरून मोजू नये, त्याला विचारून जाणावे. करुणेला डोळे देणारी ही जी प्रज्ञा, ती बोधिसत्त्वाने त्या जन्मी पूर्ण केली.