घोंगड्याखालचा दिवा

"पण सायकलला मागं दिवा कशाला, बुवा? मला काय मागं जायचंय?"

विश्वंभरानं हे विचारलं तेव्हा सातप्पाबुवा ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तुला नाही लागत," ते म्हणाले. "मागच्याला लागतो."

"मागच्याच्या गाडीला त्याचे दिवे असतात की."

"असतात."

"मग?"

बुवांनी एक शेंग फोडली. आत दाणा नव्हता. टरफल टाकून त्यांनी दुसरी घेतली...

विश्वंभर मठात येऊन फार दिवस झाले नव्हते, पण वैराग्यात त्यानं आम्हा सगळ्यांना मागं टाकलं होतं. निदान त्याला तसं वाटायचं. मी मठाचा आचारी. मला माणसाची भूक कळते, वैराग्यातलं काही कळत नाही, म्हणून मी आपला गप्प बसायचो. म्हणजे बहुतेक वेळा.

आमच्या मठाची एक जुनी रीत आहे. संध्याकाळी एकानं गावात जाऊन भाकरी मागून आणायची. मागून म्हणायचं, पण तोंडानं मागायचं नाही. दारात उभं राहायचं, हाक मारायची नाही, कडी वाजवायची नाही. घरच्यांना दिसलं तर वाढतील, नाही दिसलं तर मुकाट पुढचं दार. अंगावर मठाचं काळं घोंगडं, डोक्यावरून पार खालपर्यंत सोडलेलं. हे घोंगडं बुवांच्या गुरूंचं, थोरल्या बुवांचं. ते ज्याच्या अंगावर पडेल त्याला आम्ही नशीबवान समजतो.

ते विश्वंभराच्या अंगावर पडलं आणि गड्याची मान ताठ झाली.

गाव लांब, म्हणून तो सायकलवरून जायचा. आता दाराची रीत दारात ठेवावी की नाही? यानं ती रस्त्यावर आणली. सायकलची घंटी काढून माझ्या स्वयंपाकघरात फळीवर ठेवून दिली. म्हणाला, साधकानं आवाज करू नये, आपण आहोत हे कुणाला कळूसुद्धा नये. मी म्हटलं, बाबा, भाकरी वाढणारी बाई वेगळी आणि उसाची ट्रॉली वेगळी. तो माझ्याकडं बघून हसला. तसलं हसणं माझ्या डोक्यात जातं.

कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता. ट्रॉल्या, बैलगाड्या, दुधाचे टेंपो, सगळे त्याच एका अरुंद रस्त्यावर. म्हणून बुवांनी त्याला सायकलच्या मागं लाल दिवा बसवायला सांगितलं होतं आणि तो वाद घालत होता.

"ज्याला बघायचं तो बघेल," विश्वंभर शेवटी म्हणाला. "साधकानं दिसायची हौस धरू नये, असं तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं खरं," बुवा म्हणाले. "दिवा बसव."

त्यानं बसवला. बॅटरीवर लुकलुकणारा, चांगला भारीतला, मागच्या चाकाच्या वर. रोज निघताना बुवांना दिसेल असा चालू करायचा आणि मग घोंगडं डोक्यावरून घेऊन सायकलवर बसायचा. आज्ञा म्हणजे आज्ञा.

...

एका संध्याकाळी, नुकतं अंधारून आलं होतं, तेव्हा फाटकाशी दोघं आले. पुढं विश्वंभर, हातात सायकल, चेहरा एकदम शांत. मागं सिकंदर मुलाणी.

सिकंदर आसपासच्या वाड्यांवरचं दूध टेंपोतून डेअरीत पोचवतो. तोंडाळ माणूस, आला की आधी माझ्या आमटीची थट्टा करणार. त्या दिवशी एक शब्द बोलेना. ओट्यावर बुवा सुपात शेंगा सोलत होते, त्यांच्याशेजारी बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

झालं होतं ते विश्वंभरानंच सांगितलं. मठाच्या अलीकडच्या वळणावर टेंपो मागून आला, अगदी जवळ येऊन बाजूला गेला आणि बांधावर चढला. दूध सांडलं. ऊसतोडीच्या लोकांनी टेंपो परत रस्त्यावर घेतला आणि तसाच ढकलत मठाच्या फाटकाशी आणून लावला. आपल्याला खरचटलंसुद्धा नाही आणि आपला दिवा चालू होता, हे त्यानं दोनदा सांगितलं.

"दिवे लावले होते, तरी मला काहीच दिसलं नाही, बुवा," सिकंदर म्हणाला. "आईशपथ. पार जवळ गेल्यावर चाक दिसलं..."

मी पाणी दिलं. तांब्या त्याच्या हातात ठरेना, तेव्हा बुवांनी तो धरला आणि त्याला पाजलं.

विश्वंभर उभाच होता. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "सिकंदरभाई, एवढं मनाला लावून घेऊ नका. मरणाचं भय मी केव्हाच सोडलंय."

"तू सोडलंस," बुवा म्हणाले. "ह्यानं कुठं सोडलंय?"

त्यांनी रिकामा तांब्या खाली ठेवला.

मग बुवा उठले. विश्वंभराला म्हणाले, सायकल घे, रोजच्यासारखा दिवा लाव, रोजच्यासारखं घोंगडं घे आणि रस्त्यावरच्या त्या कडुनिंबापर्यंत जा. सिकंदराचा हात धरून ते स्वतः फाटकात उभे राहिले. मीही गेलो. म्हटलं, बघू तरी.

विश्वंभर निघाला. थोडा वेळ चाकाची करकर ऐकू आली, मग तीही थांबली.

"काय दिसतंय, सिकंदर?"

"काही नाही. अंधार."

बुवांनी हाक दिली, "विश्वंभरा, दिवा चालू आहे ना?"

"आहे, बुवा!" कडुनिंबाकडून आवाज आला. आवाजात खात्री होती.

मी डोळे ताणून बघितलं. रस्ता काळा, झाड काळं, आणि त्या काळ्यात कुठंतरी आमचा साधक. आज्ञा पाळणारा. खरं सांगतो, मला त्याचा राग यायला हवा होता, पण मी सिकंदराचा दुसरा हात धरला.

बुवांनी त्याला परत बोलावलं. तो आला आणि सायकलवर बसल्या जागीच पाय टेकून थांबला. बुवा त्याच्या मागं गेले, वाकले आणि घोंगड्याचा सोगा उचलला.

लाल उजेड त्यांच्या पायांवर पडला. विझला, पुन्हा पडला.

विश्वंभरानं मागं वळून बघितलं.

"विळा आण," बुवा मला म्हणाले.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली असेल. पण त्यांनी हात पुढं केलेला होता, म्हणून गवत कापायचा विळा आणून दिला. त्यांनी ते घोंगडं सीटच्या उंचीवर धरलं आणि खालचा सगळा भाग कापायला लागले. जुनी लोकर, चिवट. सावकाश कापलं जात होतं.

"बुवा!" विश्वंभराचा आवाज फुटला. "थोरल्या बुवांचं घोंगडं आहे हे!"

"थोरले बुवा पायी जायचे," बुवा म्हणाले आणि कापत राहिले.

तुकडा खाली पडला. मी तो उचलून छातीशी धरला. माझे डोळे भरून आले होते. सांगायला लाज कसली? विश्वंभर सायकलवरून उतरला. त्यानं दिवा बंद केला आणि खाली मान घालून उभा राहिला.

सिकंदर म्हणाला, मी निघतो. चार पावलं चालून टेंपोपाशी गेला, दार उघडलं आणि तसाच थांबला. परत आला.

"हात धजत नाहीत, बुवा. टेंपो राहू दे हितंच. परत कधी चालवीन असं वाटत नाही."

त्याच्या घरचा सगळा संसार त्या टेंपोवर. मला ते ठाऊक होतं, बुवांनाही ठाऊक होतं.

बुवांनी विश्वंभराकडं बघितलं.

"तू सायकलवर पुढं हो. गावापर्यंत. सिकंदर तुझ्या मागून टेंपो आणील."

सिकंदरानं मान वर केली. विश्वंभरानं सायकलची मूठ धरली, पण पाय उचलला नाही. त्यानं टेंपोच्या तोंडाकडं बघितलं. बांधाची माती अजून तिथं चिकटलेली होती.

"त्याच टेंपोच्या पुढं?" त्यानं विचारलं.

"त्याच."

विश्वंभरानं ओठांवरून जीभ फिरवली. मठात आल्यापासून पहिल्यांदाच तो माझ्यासारखा दिसत होता.

"बुवा..." तो हळू म्हणाला. "भीती वाटते."

बुवा ओट्यावर जाऊन बसले. शेंगांचं सूप त्यांनी पुन्हा पुढं ओढलं.

"मग आता लाव दिवा."