चिंबोरीचं बीळ

समुद्रकाठी बंगले उगवायला लागले तेव्हाची गोष्ट. एका शेटच्या परसात बीळ करून एक चिंबोरी, म्हणजे खेकड्याची मादी, राहायची. पोटाशी अंडी होती तिच्या. एक दिवस खाडीवरून चरून येते तो काय, परसभर खडी ठोकलेली, वर प्लास्टिकचं हिरवंगार गवत ताणून खिळे मारलेले. बीळ गडप!

चिंबोरीचं डोकं सणकलं, तोंडाला फेस आला. "ए गवतड्या, ऊठ तिथून! खाली घर आहे माझं."

"ओरडू नको गं," गवत म्हणालं. "मला ना पाणी लागतं, ना मी वाळत. शेट माझ्यावर काठीने चेंडू ढकलत गोल्फ खेळणार."

"मग शेटच्या पलंगावर जाऊन पसर की, मेल्या! माझी माती कशाला झाकलीस?"

रागारागाने ती गवतभर तुरुतुरु फिरली. नखभर माती सापडेना. मधोमध मात्र चेंडू पडायला एक गोल भोक ठेवलेलं. ती सरळ आत शिरली.

"अगं बये, ते चेंडूचं घर!" गवत किंचाळलं.

"का? चेंडूच्या पोटाशी अंडी आहेत?" चिंबोरीने आतून नांगी उगारली. "आणि काय रे, चेंडू काढायला इथे हात कोण घालणार?"

"शेट."

"घालू दे."